रत्नमालाबाईनं ठेवलेलं नाव

भावसिंगपुऱ्यात जाऊन रत्नमालाबाईचं घर विचारलंत तर माणसं डोकं खाजवतील. "पाळणेवाली आक्का" म्हणा, शेंबडं पोरगंसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल.

पाळणा तिच्या नवऱ्यानं केलेला. सुतार माणूस. लग्नानंतर त्यानं कुठल्याशा पडक्या घराचं जुनं सागवान मिळवलं आणि पाळणा घडवला, तोही असा की सगळा खुंट्यांवर जोडायचा, खिळा म्हणून नाही. सोडवला की रिक्षाच्या मागच्या सीटवर मावतो. पण त्यात निजवायला घरात पोर काही आलं नाही, आणि पुढं नवराही गेला. पाळणा माळ्यावर धूळ खात पडला. मग गल्लीतल्या एका बाईनं नातवाच्या बारशाला तो मागून नेला आणि घटकाभरात निरोप धाडला, "आक्का, तुमचा पाळणा उभाच राहीना!" रत्नमालाबाई पदर खोचून गेली, खुंट्या ठोकल्या, पाळणा उभा केला. आता आलीच आहेस तर एखादं गाणं म्हण, अशी बायांनी गळ घातली. तिनं म्हटलं. त्या दिवसापासून पाळणा जाईल तिथं त्याच्यामागं रत्नमालाबाई, असा धंदाच होऊन बसला. खुलताबाद झालं, लासूर स्टेशन झालं, पार फर्दापूरपर्यंत तिचा पाळणा हिंडून आला.

गाणी ती स्वतः जुळवायची. ज्याच्या घरी जाईल त्याच्या रीतीनं म्हणायची. कुणाकडं रामाचा पाळणा, कुणाकडं शिवबाचा. स्वतःच्या बौद्ध भावकीत बारशातले देव कधीच गेले होते. त्यांच्या जागी त्रिशरण-पंचशील आलं, सुजाता आली, विशाखा आली. आत्याच्या पाठीतले धपाटे मात्र कुठल्याच घरातून गेले नाहीत. आत्यानं बाळाच्या कानाला तोंड लावून नाव सांगायचं, वर "कुर्रर्र" करायचं, आणि तेवढ्यात बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत दणादण बुक्के घालायचे. एकदा का कुर्र झालं की नाव पक्कं. मग ते बदलायची कुणाची टाप नाही.

रत्नमालाबाईनं त्यात स्वतःचा एक कायदा घुसडला होता. पाळण्याच्या वरून आणि खालून बाया बाळ एकमेकींकडं देतात, त्या वेळी देणारीनं बाळाचं नाव घ्यायचंच. घेतलं नाही तर बाळ तिच्याच हातात राहणार.

"नुसतं ऐकून घरी गेल्या की बाया इसरत्यात," ती म्हणायची. "पेढा ध्यानात ऱ्हातो, नाव नाय. तोंडानं घ्या की वो एकदा, त्यात काय जबान झिजायलीय?"

अशी गावोगावची नावं तिनं लोकांच्या तोंडात बसवली. पण एक गोष्ट तिला आतून खायची. ती पाळणेवाली होती, आत्या नव्हती. बुक्के नेहमी दुसरीच्याच पाठीत पडायचे. तिला एकच भाऊ, राजकुमार. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेला. वाळूजला एका कंपनीत मशीनवर होता. त्याच्या घरी बरीच वर्षं पाळणा हलला नव्हता, आणि मग एका पहाटे त्याचा फोन आला. "आक्का, पोरगी झाली! तू आत्या झालीस!"

रत्नमालाबाई चुलीवरचा चहा तसाच ठेवून निघाली. तो उतू जाऊन पातेलं करपलं, त्याचंही तिला पुढं चार दिवस कौतुकच होतं.

नाव तिच्या पोटात तयार होतं. त्यांच्या घरात आईबाप नाव सुचवत नसत. ठेवायची आत्या, आणि कुर्र होईस्तोवर ते तिनं कुणाला सांगायचं नाही. रत्नमालाबाईचं स्वतःचं नावही तिच्या आत्यानं असंच पोटात धरून आणलेलं. तिनं ठरवलेलं नाव होतं धम्मदिन्ना.

पावसाळ्यात विहारात भंतेजी रोज वाचून दाखवत, तिथं तिनं ते ऐकलं होतं. धम्मदिन्ना ही राजगृहातल्या एका सावकाराची बायको. घर सोडून भिक्खुणी झाली. पुढं नवरा तिला गाठून अवघड अवघड प्रश्न विचारायला लागला, आणि ही एकेका प्रश्नाचं शांतपणे उत्तर देत गेली. नवऱ्यानं ते बुद्धांना सांगितलं, तर बुद्ध म्हणाले, मला विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं. विहारातून घरी येताना रत्नमालाबाई वाटभर ते नाव घोळवत आली. धम्मानं दिलेली. सुजाता गल्लीत होत्या, विशाखा होत्या, पण धम्मदिन्ना तिनं अख्ख्या शहरात ऐकली नव्हती.

बारसं विहाराजवळच्या सभागृहात होतं. सजावट ऋतुराजची. हा फुगेवाला पोरगा आणि रत्नमालाबाई जोडीनंच कामं घेत. त्याचे फुगे, तिचा पाळणा. ती खुंट्या ठोकून उठते न उठते तोच ऋतुराजनं पाळण्यामागचा पडदा ओढला आणि बटण दाबलं. गुलाबी दिव्यांत झगझगीत अक्षरं पेटली. अनायरा.

बाया टाळ्या वाजवायला गेल्या आणि रत्नमालाबाईचं तोंड पाहून त्यांचे हात हवेतच थांबले.

"आक्का," ऋतुराज घाबरून म्हणाला, "मला काय ठाव नाय बरं. दादांनी सांगितलं, म्या बनवलं."

"कुर्र व्हायच्या आधी नाव भिंतीवर?" रत्नमालाबाई म्हणाली. "मग मला कशाला बोलावलं? बुक्के खायला?"

राजकुमार तिला कोपऱ्यात घेऊन गेला. मागोमाग त्याची सासू, खुलताबादची चंपाबाई, हिरव्या शालूचा घोळ सावरत आली.

"आक्का, म्या सांगणारच होतो..."

"कधी? पोरीच्या लग्नात?"

"इहीनबाई, रागावू नका," चंपाबाई म्हणाली. "नाव लई गोड हाय. आमच्या गल्लीत तीन पोरी हायत ह्या नावाच्या."

"तेच म्हणते मी. चौथी कशाला?"

"मग तुमच्या पोटात कोणतं हाय ते तरी सांगा."

रत्नमालाबाईनं रीत मोडली आणि नाव सांगितलं. चंपाबाईनं ते तोंडात घेऊन पाहिलं. "धमा... धमदि... अगं बाई! हे नाव हाय का मिरच्या कांडायल्यात?"

राजकुमार मात्र हसला नाही. तो जमिनीकडं बघत होता. "आक्का, नाव चांगलं हाय. पण ऐकल्याबरोबर समोरच्याला सगळं कळतंय. खोलीचं इसरलीस व्हय?"

ती विसरली नव्हती. कंपनीजवळ खोली बघायला दोघं मिळून गेले होते. मालकानं पाणी दिलं, पंखा लावला, चावीसुद्धा हातात ठेवली. मग पूर्ण नाव विचारलं. राजकुमार वाहूळ, म्हटल्यावर त्याला एकाएकी आठवलं की खोली पुतण्याला द्यायचीय. चावी परत घेताना तो गोड हसत होता. त्या दिवसापासून राजकुमार बाहेर फक्त राजकुमार होता. आडनाव तो गिळून टाकायचा.

"माझं जे झालं ते झालं," तो म्हणाला. "पोरीच्या कपाळावर कशाला लावू? अनायराला कुणी काय इचारणार नाय."

रीत म्हणत होती की आत्याच्या तोंडून निघेल तेच नाव. ती आत्ता जाऊन कुर्र करून मोकळी झाली असती तर कुणी अडवू शकलं नसतं. पण बापाच्या मनाविरुद्ध कानात घातलेलं नाव बाप उच्चारणार नाही, आणि बापानं न घेतलेलं नाव घेऊन पोरीनं काय करायचं? तिचे डोळे भरले. "तुझंच ठेव बाबा," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"मला इचारा की कुणीतरी," मागून आवाज आला.

राजकुमारची बायको निशा उभी होती. बाळ खांद्यावर, डोक्याला फडकं. बाळंतीण फार बोलत नसे. लग्नाआधी आई आणि लग्नानंतर नवरा तिच्या वतीनं बोलत आले होते.

"आक्का, ती बाई, नवऱ्याच्या प्रश्नांची उत्तरं देणारी, तीच का ही?"

"तुला कसं ठाव?"

"तुम्ही भांडी घासताना तिची गोष्ट शेजारच्या लीलाबाईला सांगत नव्हता का? मी आत पडून ऐकत होते." मग ती नवऱ्याकडं वळली. "तुमच्या आडनावावरनं त्यांना कळलंच ना? मग पोरीच्या आडनावावरनं कळणार नाय व्हय? अनायरा वाहूळ म्हटल्यावर चावी देणार हायत का ते? कळायचं ते कळणारच हाय. मग नाव तरी आपल्या मनाचं असू द्या. धम्मदिन्ना. मला तर एका दमात म्हणता येतंय."

खरंच आलं होतं. एकही अक्षर न सांडता.

राजकुमार "बरं," एवढंच म्हणाला. हो म्हणाला, पण ते नाव तोंडातून काढलं नाही. रत्नमालाबाईनं ते टिपलं.

"आता हे काय करू?" ऋतुराजनं दिव्यांच्या पाटीकडं हात केला.

"ठेव गुंडाळून. पुढच्या आठवड्यात कुणाच्यातरी कामाला येईल."

वंदना झाली. रत्नमालाबाई पाळण्यावर वाकली. कोवळ्या कानाला ओठ लागले, तिनं नाव सांगितलं, आणि "कुर्रर्र" म्हणेपर्यंत पाठीत पहिला बुक्का बसला. मग दुसरा, मग पाऊसच. इतक्या वर्षांत तिनं दुसऱ्या आत्यांना मारलेल्या सगळ्या बुक्क्यांची बायांनी त्या दिवशी परतफेड केली. ती ओणवी होऊन हसत होती आणि रडतही होती. "हाणा गं, हाणा! हात आखडू नका!"

पण खरी गंमत पुढं होती. बाळ पाळण्याखालून द्यायची वेळ आली आणि जिभा अडखळल्या. एक म्हणाली धमधिना, दुसरी म्हणाली दम्मदीना. लीलाबाई "धम्म" पर्यंत नीट आली आणि पुढं बाळाकडं बघत बसली, जणू उरलेलं तेच सांगेल. चंपाबाईच्या हातात बाळ आलं ते तिथंच अडकलं. कायदा म्हणजे कायदा.

"अवो, पोर भुकेजलंय, सोडा आता!" चंपाबाई घामाघूम झाली.

"नाव घ्या अन् सोडा."

मग रत्नमालाबाईनं पाळण्याची दोरी धरली. रिकामा पाळणा पुढं ढकलला, तो जाताना म्हणाली "धम्म", परत येताना म्हणाली "दिन्ना". आणि तिथल्या तिथं जुळवून गायला लागली:

झोका गेला पुढं गं, म्हणा धम्म
झोका आला घरी गं, म्हणा दिन्ना
विचारा गं कोडं, विचारा सवाल
लेक देईल उत्तर, तिला भ्या ना

बायांच्या माना झोक्याबरोबर हलायला लागल्या. दोन झोक्यांत गल्लीतल्या पोरींना आलं, आणखी थोड्या वेळात म्हाताऱ्यांना. चंपाबाई डोळे मिटून, ओठ घट्ट करून थांबली होती, नदीत उडी मारायच्या आधी थांबतात तशी. पाळणा घरी आला आणि तिनं आरोळी ठोकली, "धम्मदिन्ना!" सभागृह दणाणलं. बाळ दचकून रडलं. चंपाबाईनं शेजारणीच्या हातात ते देत विजयी नजरेनं चौफेर पाहिलं.

त्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर ते गाणं घेतलं होतं. ते आधी गल्लीत फिरलं, मग पाहुण्यारावळ्यांत. पुढच्या महिन्यात लासूर स्टेशनहून सुलेखा नावाच्या बाईचा फोन. "पाळणा पायजे, अन् तेच गाणं पायजे." "गाण्यात तर नाव हाय ना बाई." "मग नाव पण तेच ठेवतो की!" मग फर्दापूरहून बोलावणं आलं. मग शहरातूनच, पाठोपाठ. पुढंपुढं अंगणवाडीत "धम्मदिन्ना" अशी हाक मारली की दोन डोकी वर व्हायला लागली. ऋतुराजनं ह्या नावाची दिव्यांची पाटी करून ठेवली, आणि ती बदलावी लागत नाही म्हणून खूश होता.

रागावली फक्त चंपाबाई. "आमच्या नातीचं नाव चोरायल्यात मेले," ती म्हणायची. पण दुसरीकडं तीच त्या नावाची हवालदारीण झाली होती. खुलताबादला कुणी धमदीना म्हटलं की ती हातातलं काम टाकून उठायची. "ध ला म्म जोड, बाई. दि ला न्ना जोड. घाई करू नको. तुला काय गाडी गाठायचीय?"

असं सगळीकडं ते नाव चालत होतं. चालत नव्हतं ते एका तोंडात. राजकुमार पोरीला छकुली म्हणायचा. घरी छकुली, फोनवर छकुली, दवाखान्यात "आमची छोटी". कंपनीतल्या मित्रांनी विचारलं तर "पोरगी बरी हाय", बस्स. पोरीवर जीव टाकायचा, तिला खांद्यावरून उतरवायचा नाही. पण तेवढं एक करायचा नाही. रत्नमालाबाई कधी बोलली नाही. दुसऱ्यांच्या बारशात कायदा चालवणारी बाई भावापुढं मात्र गप्प बसायची. लोक येऊन सांगायचे, आक्का, तुझ्या नावानं कमाल केली. ती हसायची, आणि मनात म्हणायची, अजून एक माणूस राह्यलाय.

पोरगी बालवाडीत जायला लागली त्या वर्षी कंपनीच्या वर्धापनदिनाला राजकुमारनं सगळ्यांना नेलं. मैदानात मांडव, जिलेबी, मोठमोठे कर्णे. लहानग्यांची बेडूकउड्यांची शर्यत होती. ऑफिसातला एक तरणाबांड साहेब माइक घेऊन ओळीतल्या एकेका पोराला नाव विचारत होता आणि मोठ्यानं सांगत होता. पोरं लाजत होती, आईबाप टाळ्या वाजवत होते. तो हिच्यापाशी आला.

"तुझं नाव काय, बेटा?"

"धम्मदिन्ना."

"काय? धमा... धमाधम?" मैदान हसलं. साहेबाला चेव आला. "परत सांग, परत सांग. धमदिनादिन?"

रत्नमालाबाईचा हात निशाच्या मनगटावर आवळला. चंपाबाई तर चप्पल शोधत उठायलाच लागली.

"बरं, अवघड हाय बुवा," साहेब म्हणाला. माणूस वाईट नव्हता, उन्हात उभा राहून नुसता रंगात आला होता. "घरी काय म्हणतात तुला? सोपं काहीतरी सांग."

पोरीनं विचार केला. माइकमध्ये तोंड घालून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "आई धम्मदिन्ना म्हणते. आत्या धम्मदिन्ना म्हणते. आज्जी पण म्हणते. पप्पा छकुली म्हणतात."

"झालं तर! मग आपण छकुलीच..."

राजकुमार मित्रांच्या घोळक्यात उभा होता. रत्नमालाबाईनं बघितलं, त्याची मान खाली गेली. मग वर आली. तो निघाला. मधल्या खुर्च्या बाजूला सारत, दोरी ओलांडून, सरळ साहेबापाशी गेला आणि हात पुढं केला. साहेबानं माइक दिला, का दिला ते त्यालाही कळलं नसावं.

राजकुमारनं घसा साफ केला. कर्ण्यातून ती खरखर सगळ्यांनी ऐकली.

"धम्मदिन्ना," तो म्हणाला. पहिल्यांदाच, आणि एका दमात. कुठंतरी एकट्यानं म्हणून बघितलं असणार त्यानं, त्याशिवाय इतकं नीट येत नाही. "माझ्या पोरीचं नाव धम्मदिन्ना राजकुमार वाहूळ. अवघड काय नाय साहेब. म्हणून बघा."

साहेबाचे कान लाल झाले. मग तो ओशाळं हसला, माइक परत न घेताच वाकला आणि म्हणाला, "धम्म... दिन्ना. बरोबर हाय का गं?"

"हां," पोरगी म्हणाली. "आता शिट्टी वाजवा."

शिट्टी वाजली. पोरं बेडकासारखी उसळली. धम्मदिन्ना पहिल्या दोन उड्यांतच मागं पडली, कारण तिला एका जागी उंच उडायला जास्त आवडत होतं. तोवर मशीनवरचा रामप्रसाद, राजकुमारच्या शेजारी वर्षानुवर्षं उभा राहणारा, खुर्चीवर चढून ओरडला, "धम्मदिन्ना, पळ! पुढं बघ, पुढं!" त्याच्या मागून त्याची बायको. मग सगळी शिफ्ट. ज्यांनी नाव आत्ताच ऐकलं होतं ते ओरडत होते. चुकत होते, शेजाऱ्याकडून ऐकून सुधारत होते आणि पुन्हा ओरडत होते. चंपाबाईला एकटीला सगळ्यांना शिकवणं होईना, तेव्हा तिनं तो नाद सोडला आणि स्वतःच बोंबलायला लागली.

बाकीची पोरं केव्हाच पोचली होती. जिंकलेल्या पोराला टोपीसुद्धा मिळाली. ही एकटीच अजून उड्या मारत चालली होती, रमतगमत, दोन्ही बाजूंना बघत. राजकुमार रेघेपलीकडं गुडघ्यावर बसून, हात पसरून, घसा फुटेस्तोवर तिचं नाव घेत होता. माइक त्याच्या हातातच राहिला होता, त्यामुळं ते नाव कंपनीच्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावर, पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जात होतं.

रत्नमालाबाई खुर्चीवरून उठली नाही. पदराची घडी तिनं मांडीवर नीट केली आणि ऐकत बसली.

पोरगी रेघेवर पोचली, तेव्हाही मैदान थांबलं नव्हतं.